पिवळं फूल पालथं करून पाहा

गणपती उठले की वर्धा जिल्ह्यात पिवळा रंग सुटतो. अंगणात कॉसमॉस आणि झेंडू, कार्यालयांच्या आवारात हिरव्या गालिच्यासारखं पसरलेलं वेडेलिया, वावराच्या धुऱ्यावर पाथरी. पुढे थंडीत वाफ्यांतून कोरिऑप्सिस. कुणी विचारलं की आपण म्हणतो, ‘सूर्यफुलासारखं काहीतरी आहे.’ हे उत्तर चूक नाही. ही सगळी सूर्यफूल कुळातलीच. जगात या कुळाच्या पंचवीस हजारांहून अधिक जाती आहेत आणि पिवळा रंग त्यातल्या असंख्य जातींना लाभलाय. त्यामुळे रंगावरून ओळखायला गेलं की हमखास फसगत होते.

मुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो फुलांचा मेळा असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला स्तबक म्हणतात. मधल्या चकतीतला प्रत्येक ठिपका म्हणजे एक पूर्ण फूल, आणि कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हेही एक स्वतंत्र फूलच. कॉसमॉसची एक पाकळी उपटून तिचं टोक बघा, तीन दाते दिसतील. तीन पाकळ्या जुळून ती पट्टी झाल्याची ती खूण. पाथरीच्या पट्टीला मात्र पाच दाते असतात, तिच्यात मधली चकतीच नसते आणि देठ मोडला की दुधासारखा चीक येतो. पाथरीची भाजी खुडणाऱ्या बाईला हा चीक पुस्तकाशिवाय ठाऊक असतो.

आता फूल पालथं करा. खालची हिरवी वाटी हा खरा ओळखपत्राचा कागद आहे. माणसानं बागेसाठी फुलांचा रंग बदलला, पाकळ्या दुप्पट-चौपट केल्या, हारातल्या गेंदेदार झेंडूत चकतीतल्या फुलांच्याही पट्ट्या करून टाकल्या. वाटीकडे मात्र कुणी लक्ष दिलं नाही, म्हणून ती जशीच्या तशी राहिली. झेंडूची वाटी अखंड असते, सगळी छदं, म्हणजे वाटीची हिरवी पानं, जुळून झालेली नळीच. उजेडाकडे धरली तर तिच्यात तेलाचे ठिपके दिसतात. तो उग्र वास तिथलाच. शेवंतीच्या वाटीची छदं सुटी, एकावर एक रचलेली, आणि त्यांची कड वाळक्या कागदासारखी. दसऱ्याच्या बाजारात दोन्ही पिवळे ढीग शेजारी असतात, तेव्हा ही तुलना जरूर करावी. सूर्यफुलाची छदं रुंद, खरखरीत, टोकाला निमुळती.

आतला तपशील पाहणाऱ्यांत आँरी कासिनी हे नाव मला फार प्रिय आहे. शनीच्या कड्यांमधली फट शोधणारा खगोलशास्त्रज्ञ कासिनी हा त्याचा खापरपणजोबा. आँरी (१७८१–१८३२) पेशानं न्यायाधीश. त्यानं आकाश सोडून या कुळातल्या चिमुकल्या फुलांची परागवाहिनी भिंगाखाली धरली आणि तिच्या टोकाच्या फाट्यांवरून कुळाचे गट पाडले. त्याच्या विभागणीचा पाया आजही टिकून आहे.

वेडेलियाला वाटीपर्यंत जायचीही गरज नाही. चकचकीत, बहुधा तीन खंडांचं पान आणि जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेऱ्यातून सुटणारी मुळं, एवढं पुरे. ही उष्णकटिबंधीय अमेरिकेतली वेल जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत आहे. ओढ्याकाठी ती लावू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

खरी कसोटी लागते ती कॉसमॉस आणि कोरिऑप्सिस यांच्यात. दोघांच्या पाकळ्या बहुधा आठ, दोघांची वाटी दुहेरी. पिवळ्या कॉसमॉसचं पान चिरलेलं असलं तरी त्याचे खंड रुंद. आपल्याकडच्या हंगामी कोरिऑप्सिसचं पान मात्र दोऱ्यासारखं बारीक चिरलेलं, आणि पाकळीच्या बुडाशी बहुधा तांबूस डाग. तरीही शंका राहिली तर वाळलेलं बोंड तळहातावर चोळा. कोरिऑप्सिसचं बी चपटं, किड्यासारखं. ग्रीक भाषेतलं त्याचं नावही ‘ढेकणासारखं दिसणारं’ या अर्थाचं. कॉसमॉसचं बी काळपट, लांब, चोचीचं, आणि टोकाला बहुधा दोन-तीन दातेरी काटे. कोरिऑप्सिसचं बी बहुतेकदा वाफ्यातच पडतं. कॉसमॉसचं मात्र धुऱ्यावरून जाणाऱ्याच्या धोतराला, लुगड्याला चिकटून पुढच्या वावरात पोचतं.