घराचा श्वासोच्छ्वास

वैशाख लागला कीं नागपुरांत दोन गोष्टी ठरलेल्या: पारा ४५ अंशांकडे धांवूं लागतो आणि माळ्यावरचा कूलर खालीं उतरतो. कूलर बसविला, पाणी भरलें, बटण दाबलें, आणि मग थंड हवा बाहेर जाऊं नये म्हणून सर्व दारें-खिडक्या कडेकोट लावून घेतल्या, असा प्रकार सुशिक्षितांच्या घरींहि दृष्टीस पडतो. तासाभरानें अंग चिकट होतें, अंथरुणें दमट लागतात, आणि दोष कूलरला दिला जातो. वास्तविक दोष यंत्राचा नव्हे, हवेची वाट अडविल्याचा आहे.

कूलर हें आपल्या वाळ्याच्या ताटीचेंच यांत्रिक रूप होय. पाण्याची वाफ होतांना तें हवेंतील उष्णता ओढून घेतें. एक लिटर पाणी वाळावयास सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. बर्फाइतकें गार असें पावणेसहा लिटर पाणी उकळीस आणण्यास जवळजवळ तितकीच लागेल! मे महिन्यांतील ४५ अंशांच्या वाऱ्यांत आर्द्रता शेंकडा १५ असली, तर चांगला कूलर ती हवा २८-२९ अंशांपर्यंत उतरवितो. परंतु ती हवा आतां ओलाव्यानें भरलेली असते. तिला पुन्हां ताटींतून फिरविण्यांत लाभ नाहीं. तिनें खोलींतील उष्णता घेऊन निघून जावें आणि मागून नवी कोरडी हवा यावी. जुलैंत ३२ अंश उष्णता व शेंकडा ८० आर्द्रता असतां हाच कूलर दोन-अडीच अंशांहून अधिक कांहीं देत नाहीं, याचेंहि कारण तेंच.

महालांतील जुन्या वाड्यांना चौक असे. घरांत शिरलेली हवा त्या वाटेनें वर जाई. फ्लॅटमध्यें ही सोय आपणांस करावी लागते. कूलर सावलीच्या खिडकीबाहेर बसवावा, म्हणजे तो घरांतील नव्हे, बाहेरची हवा ओढील. आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवावी. तेथें कागदाची पट्टी धरून पाहा. ती बाहेर झुकली तर वाट आहे. पण दारें आपटूं लागलीं, फटींतून शिटी वाजूं लागली, तर ती अपुरी आहे. १२ फूट लांब-रुंद व १० फूट उंच खोलींत १४४० घनफूट हवा मावते. ती दर दोन मिनिटांस बदलावयाची तर मिनिटास सुमारें ७०० घनफूट हवा देणारा कूलर पुरे. याहून मोठा घ्यावा, ही दुकानदारांची शिकवण!

विजेविषयीं मात्र काटकसर नको. पत्र्याच्या कूलरमध्यें वीज उतरून माणसें दगावल्याच्या बातम्या उन्हाळ्यांत येतात. खरोखर जमिनींत गेलेलें अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरच्या गळतीवर प्रवाह तोडणारा स्विच हवाच. पाणी भरतांना प्लग काढलेला असावा.

एअर कंडिशनरच्या खोलीचें गणित उलटें. तें यंत्र आंतलीच हवा पुन्हां पुन्हां गार करितें, म्हणून दारें लावणें भाग. पण माणसें तर श्वास घेतच असतात. बाहेरच्या हवेंत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारें ४२५ भाग असतो. वरील मापाच्या घट्ट बंद खोलींत तिघे निजले, तर तासाभरांत त्यांत हजाराच्या आसपास भर पडते. सकाळीं डोकें जड होतें, तें उगीच नव्हे.

थंड देशांत घराची ऊब राखण्यासाठीं योजलेली एक युक्ति येथें उपयोगी पडते. एका पेटींत दोन पंखे आणि मध्यें पातळ पत्र्यांची चळत असते. पत्र्यांच्या एका अंगानें शिळी हवा बाहेर जाते, दुसऱ्या अंगानें ताजी आंत येते. दोघी मिसळत नाहींत, पण उष्णतेची देवघेव करितात. तिकडे शिळी हवा जातांना ऊब देऊन जाते, इकडे गारवा. ही देवघेव शेंकडा ७० झाली, तर ४५ अंशांची हवा २६ अंशांच्या खोलींत ३२ अंशांची होऊन शिरते. कूलरच्या खोलींत मात्र ही पेटी निरर्थक होय. तेथें ताजी हवा मुबलक येतच असते.

पेटीसाठीं भिंतीला पाडावयाचीं दोन भोंकें परस्परांपासून निदान सहा फूट दूर असावींत, नाहींतर टाकलेली हवाच परत येईल. हवा घेणारें तोंड स्वयंपाकघर, स्नानगृह व वाहनांचा धूर यांपासून लांब ठेवावें. नळ्यांना बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा, म्हणजे मृगाचें पाणी पेटींत शिरणार नाहीं. गाळणी महिन्यांतून एकदां काढून झटकावी. वावटळीचे दिवस असले, तर आठवड्यानेंच.