स्वस्त लॅपटॉप : किंमत आणि मोल

बारावीचा निकाल लागून महाविद्यालयातील प्रवेश निश्चित झाला, की मध्यमवर्गीय आणि त्याहूनही अधिक निम्नमध्यमवर्गीय घरांत एका खरेदीची चर्चा सुरू होते. पूर्वी ही चर्चा सायकलची किंवा मनगटी घड्याळाची असे. आज ती लॅपटॉपची असते. २०२० साली करोनाच्या साथीने शाळा-महाविद्यालयांचे दरवाजे बंद केले आणि वर्ग पडद्यावर भरू लागले, तेव्हापासून ही वस्तू चैनीच्या यादीतून गरजेच्या यादीत आली. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, नोकरीची मुलाखत हे सारे मोबाईलवर कसेबसे उरकता येते हे खरे. परंतु वीस पानांचा प्रकल्प-अहवाल तळहाताएवढ्या पडद्यावर अंगठ्याने लिहावा लागला, म्हणजे काम आणि साधन यांच्यातील अंतर ध्यानात येते.

मग प्रश्न उभा राहतो पैशाचा. बाजारात पंधरा-वीस हजारांपासून लाख-दीड लाखांपर्यंतची यंत्रे मांडलेली असतात. ज्या घराचे मासिक उत्पन्नच वीस-पंचवीस हजार आहे, त्या घराची नजर साहजिकच पहिल्या फळीवर स्थिरावते, आणि ‘रोजच्या कामाला पुरेसा आहे’ अशी ग्वाही विक्रेताही तत्परतेने देतो. ही ग्वाही कितपत खरी मानावी, याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे. श्रीमंताची खरेदी फसली तर तो दुसरी करतो. गरिबाची फसली तर यंत्र कोपऱ्यात पडते आणि हप्ते मात्र चालू राहतात.

स्वस्ताईचे प्रयोग

स्वस्त संगणकाचे स्वप्न नवे नाही. निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ साली प्रत्येक मुलाच्या हाती शंभर डॉलरचा लॅपटॉप देण्याची कल्पना जगापुढे मांडली. २००७ च्या अखेरीस ते यंत्र कारखान्यातून बाहेर पडू लागले तेव्हा त्याची किंमत दुपटीच्या घरात गेली होती. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील एका लहान गावच्या शाळेतही त्याचा प्रयोग झाला. पेरू देशाने ही यंत्रे लाखोंच्या संख्येने शाळांना वाटली. परंतु तेथील ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गणित आणि भाषा या विषयांतील प्रगतीवर त्याचा परिणाम आढळला नाही. आपल्याकडे ऑक्टोबर २०११ मध्ये ‘आकाश’ टॅब्लेटचा गाजावाजा झाला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता. पण त्यात अवघी २५६ मेगाबाइट स्मृती होती आणि पडदा बोटाच्या स्पर्शाला नीट दाद देत नव्हता.

या प्रयोगांमागील हेतू शुद्ध होते. चूक झाली ती क्रमात. किंमत आधी ठरली आणि मग त्या किमतीत जे बसेल त्याला यंत्र म्हटले गेले. वापरणाऱ्याचे काम कोणते, हा प्रश्न शेवटी विचारला गेला. आजचा ग्राहकही दुकानात नेमका याच उलट क्रमाने विचार करतो.

हलक्या कामाचा भ्रम

‘रोजचे काम’ या शब्दांतच एक भ्रम दडलेला आहे. पत्रे लिहिणे, संकेतस्थळे पाहणे, व्याख्यान ऐकणे ही हलकी कामे; त्यांना सामर्थ्यवान यंत्र कशाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वीस वर्षांपूर्वी ते बरोबर होते. आज मात्र बँक, विद्यापीठ, कचेरी आणि करमणूक या सर्वांनी आपले बिऱ्हाड ब्राउझरमध्ये थाटले आहे. उघडलेले प्रत्येक पान हा स्वतंत्र कार्यक्रमच असतो आणि तो रॅममध्ये आपली जागा अडवून बसतो. एकीकडे व्हिडिओवरील वर्ग चालू, दुसरीकडे टिपणे उघडी आणि चार-सहा पाने पाठीमागे, हे आजच्या विद्यार्थ्याचे अगदी साधे चित्र आहे. चार गिगाबाइटच्या यंत्राची दमछाक येथेच होते.

विंडोज ११ साठी चार गिगाबाइट रॅम आणि ६४ गिगाबाइट साठवण ही किमान अट मायक्रोसॉफ्टने सांगितली आहे. पण उंबरठा ओलांडता येणे वेगळे आणि त्या घरात संसार करता येणे वेगळे. रॅम भरली की यंत्र साठवणीचा आधार घेते. साठवण जर मोबाईलच्या मेमरी कार्डाच्या जातकुळीतील ‘ईएमएमसी’ असेल, तर प्रत्येक क्लिकनंतर वाट पाहणे नशिबी येते. शिवाय ६४ पैकी बरीच जागा विंडोज स्वतःच व्यापते, आणि काही महिन्यांतच पुढील अद्ययावतीकरणासाठी जागा उरत नाही. यंत्र मोडलेले नसते. ते केवळ निरुपयोगी झालेले असते.

काटकसर कोठे होते

स्वस्त यंत्र बनविणारा कारखानदार काही जादू करीत नाही. तो कोठे ना कोठे काटकसर करतो. ती कोठे केली आहे हे ओळखणे हीच खरेदीतील खरी परीक्षा होय. पहिली काटकसर प्रोसेसरमध्ये, आणि ती बहुधा नावाआड लपते. ‘सेलेरॉन एन४०२०’ हा दोन गाभ्यांचा प्रोसेसर २०१९ मधील. त्याच्या शेजारी २०२३ मधील चार गाभ्यांचा ‘एन१००’ ठेवला तर दोन्ही स्वस्त असूनही अनुभव निराळा येतो. उलट ‘रायझन ३ ७३२०यू’ या नावातील सात हा आकडा नवेपणा सुचवितो. प्रत्यक्षात त्याची गाभ्याची रचना २०१९ मधील आहे. नावापेक्षा साल विचारावे, हे येथे सूत्र ठरते.

दुसरी काटकसर रॅमच्या मांडणीत असते. अनेक स्वस्त यंत्रांत ती मुख्य पट्टीवर कायमची जोडलेली असते. आज चार घेऊ आणि पुढच्या वर्षी आठ करू, हा गृहिणीचा हिशेब तेथे चालत नाही. तिसरी पडद्यात. स्वस्त पडदा किंचित बाजूने पाहिला की रंग बदलतो, आणि खिडकीजवळच्या उजेडात अक्षरे फिकी पडतात. दिवसाचे चार तास त्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांना हे लक्षात ठेवावे लागते. चौथी काटकसर प्रणालीत असते. काही यंत्रांवर विंडोजचा ‘एस मोड’ असतो आणि त्यात केवळ मायक्रोसॉफ्टच्या दुकानातील कार्यक्रमच चालतात. ही अट विनामूल्य काढता येते, पण ते ग्राहकाला सांगितले गेले पाहिजे.

याचा अर्थ प्रत्येक स्वस्त यंत्र टाकाऊ असते असा नव्हे. २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलेल्या ‘जिओबुक’मध्ये चारच गिगाबाइट रॅम होती, परंतु त्याची प्रणाली विंडोजपेक्षा हलकी आणि वजन एक किलोहून कमी होते. क्रोमबुकचेही तसेच. वाचन, टंकलेखन, वर्ग ऐकणे एवढीच मर्यादा ज्याने स्वतःला घालून घेतली आहे, त्याला अशी यंत्रे उपयोगी पडू शकतात. मात्र अभियांत्रिकीचा, वाणिज्याच्या हिशेब-कार्यक्रमांचा किंवा विंडोजवरच चालणाऱ्या परीक्षा-प्रणालीचा संबंध असेल तर ती मर्यादा लवकरच भिंत होते.

जुने, पण कसदार

या दोहोंमध्ये एक तिसरा मार्ग आहे. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप काही वर्षांनी बदलतात, आणि ती यंत्रे दुरुस्त होऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत विक्रीस येतात. मूळची ती महागडी असल्याने त्यांचा कीबोर्ड, बिजागऱ्या आणि बांधणी मजबूत असते. पुष्कळांत रॅम वाढविता येते आणि डिस्क बदलता येते. पण येथेही डोळस राहावयास हवे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र स्वस्त दिसते ते याचमुळे. लिनक्स शिकण्याची तयारी असणाऱ्याला ते घेता येईल, इतरांनी टाळावे. बॅटरी थकलेली असणार हे गृहीत धरून नवीन बॅटरीची किंमत हिशेबात मिळवावी, आणि वॉरंटी लेखी घ्यावी.

निवाडा

शेवटी हिशेब किमतीचा नसून वर्षांचा आहे. उदाहरणादाखल, अठरा हजारांचे यंत्र दोन वर्षांत थकले तर त्याचा वार्षिक खर्च नऊ हजार होतो. तीस हजारांचे यंत्र पाच वर्षे चालले तर तो सहा हजार होतो. आठ गिगाबाइट रॅम, २५६ गिगाबाइटची खरी एसएसडी, गेल्या चार-पाच वर्षांतील प्रोसेसर आणि डोळ्यांना सोसवेल असा पडदा, ही आजची किमान रेषा मानावी. तिच्या वर असलेले स्वस्त यंत्र निःशंकपणे घेण्याजोगे आहे. तिच्या खाली असलेले कितीही स्वस्त असले तरी महागच पडते. त्या रेषेपर्यंत पैसे पुरत नसतील तर नव्याचा हट्ट सोडून जुने कसदार यंत्र पाहणे शहाणपणाचे.

परंतु ही जबाबदारी एकट्या ग्राहकावर टाकून भागणार नाही. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरी चिपांच्या किमती झपाट्याने चढू लागल्या आणि महागाईचा पहिला घाव स्वस्त यंत्रांच्या रॅमवरच पडण्याची भीती निर्माण झाली. शिक्षणाला अपरिहार्य ठरलेल्या या वस्तूवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो, याचाही फेरविचार व्हावयास हवा. क्रोमबुकला अद्ययावतीकरण कोणत्या तारखेपर्यंत मिळेल हे गूगल जाहीर करते. तशी तारीख, प्रोसेसरच्या गाभ्याचे साल आणि रॅम वाढविता येते की नाही, या तीन गोष्टी प्रत्येक खोक्यावर ठळकपणे छापण्याचे बंधन सरकारने घालावे. औषधाच्या बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती ग्राहक रसायनशास्त्र जाणत नाही म्हणूनच. वर्षभराची बचत घेऊन दुकानात शिरणाऱ्या पालकाला निदान तेवढे सत्य कळण्याचा अधिकार आहे.