डिजिटल हॅम रेडिओसाठी संगणक लावताना: घड्याळ, आवाज आणि नाशिकमधली एक रेघ

गेल्या एप्रिलमध्ये मी एक ‘शोध’ लावला होता. रोज संध्याकाळी सातनंतर नाशिकला येणारे दूरचे रेडिओ सिग्नल अचानक गायब होतात आणि तासा-दीड तासाने परत येतात! आलेख काढले, स्लाइड बनवली, सूर्यास्तानंतर आयनोस्फिअरमध्ये काय काय होतं यावर दोन परिच्छेदही लिहून टाकले. परिषदेला सारांश पाठवायला चार दिवस उरले होते.

मार्गदर्शकांनी आलेख पाहिला आणि एकच प्रश्न विचारला: “आयनोस्फिअर घड्याळ लावून बंद होतं का?”

नाही होत. सिग्नल हळूहळू कमी होतात, एक बँड मावळतो तेव्हा दुसरा उघडतो. माझ्या आलेखात मात्र २० मीटर आणि ४० मीटर, दोन्ही बँड एकाच मिनिटाला कापल्यासारखे तुटत होते. दोष आकाशात नव्हता, माझ्या टेबलावर होता. अठरा दिवसांच्या नोंदी बाद झाल्या. तुमच्या होऊ नयेत म्हणून ही पोस्ट.

आधी, हे करायचं कशासाठी?

हॅम रेडिओवर आता माणसांच्या आवाजाइतकीच, किंबहुना जास्तच, संगणकांची कुजबुज चालते. त्यातली सर्वात लोकप्रिय पद्धत म्हणजे एफटी८. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी ती २०१७ मध्ये आणली. हे टेलर म्हणजे तेच, ज्यांना रसेल हल्स यांच्यासोबत १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कशासाठी? जोडीने फिरणाऱ्या ताऱ्यांमधल्या एका पल्सारच्या शोधासाठी. आपल्याकडे पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश दिसतात, तिथेही पल्सारचा अभ्यास चालतो. गोंगाटात बुडालेला क्षीण सिग्नल शोधून काढायची विद्या दोन्हीकडे एकाच घराण्यातली आहे.

एफटी८ मध्ये वेळेचे १५ सेकंदांचे कप्पे असतात. एक स्टेशन १२.६४ सेकंद बोलतं आणि थांबतं. आठ वेगवेगळे स्वर, सगळे मिळून साधारण ५० हर्ट्‌झ रुंदीत. मूळ संदेश फक्त ७७ बिटांचा, पण चूक पकडायची आणि सुधारायची बिटं धरून १७४ बिटं पाठवली जातात. म्हणूनच कानाला नुसती खरखर ऐकू येत असताना संगणक उणे २० डीबीपर्यंतचे संदेश वाचू शकतो.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की प्रत्येक वाचलेला संदेश हे एक मोजमाप असतं. अमुक वेळी, अमुक फ्रिक्वेन्सीवर, तिथून इथपर्यंत आयनोस्फिअरने वाट दिली. आपली जागाही चांगली आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि जिथे इलेक्ट्रॉनांची दाटी वाढते तो पट्टा साधारण अहमदाबादच्या आसपास येतो. नाशिक या दोहोंच्या मधे. आयनोस्फिअर मोजायला विद्यार्थी पूर्वीही पुढे आलेले आहेत. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘प्रथम’ हा सुमारे १० किलोचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ वरून गेला, तो वाटेतले इलेक्ट्रॉन मोजण्यासाठीच.

परवान्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट

सिग्नल पाठवायचा असेल तर परवाना लागतोच. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा द्यायची आणि मग व्हीयूने सुरू होणारं कॉल साइन मिळतं. “एकदाच टेस्ट करून बघतो” असं काही नसतं. ही पोस्ट फक्त ऐकण्याबद्दल आहे. आणि रिसीव्हर विकत घेण्याआधीही सध्याचा नियम काय आहे ते मार्गदर्शकांकडून तपासून घ्या.

आज लगेच सुरुवात करायची असेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर ब्राउझरमध्ये उघडा. तो २००८ मध्ये पहिल्यांदा लोकांसाठी खुला झाला. सराव मोफत होतो. फक्त लक्षात ठेवा, तो नेदरलँड्सचं आकाश ऐकवतो, नाशिकचं नाही.

आवाजाची वाट: रेडिओपासून सॉफ्टवेअरपर्यंत

लागणारं सॉफ्टवेअर म्हणजे डब्ल्यूएसजेटी-एक्स. फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. जुना लॅपटॉप पुरतो. मी रास्पबेरी पाय वापरतो, कारण तो चोवीस तास चालू ठेवला तरी बिल वाढत नाही.

रेडिओचा आवाज संगणकात जायला यूएसबी साउंड कार्ड लागतं. रिसीव्हर एसडीआर प्रकारचा असेल तर प्रत्यक्ष वायर नसते, एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात नेणारी व्हर्च्युअल ऑडिओ केबल टाकावी लागते. मग पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा:

१. रिसीव्हर अप्पर साइडबँडवर. २० मीटरला १४.०७४ आणि ४० मीटरला ७.०७४ मेगाहर्ट्‌झ.

२. साउंड कार्ड ४८,००० हर्ट्‌झ, १६ बिट.

३. विंडोजमधलं ‘आवाज सुधारणारं’ जे जे काही असेल ते बंद. ते माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. आपले स्वर त्याला गोंगाट वाटतात आणि ते इमानदारीने पुसून टाकतं.

४. सिग्नल नसताना, नुसत्या खरखरीवर, डब्ल्यूएसजेटी-एक्सचा मीटर ३० डीबीच्या आसपास. मीटर लाल झाला की समजा आवाज छाटला जातोय. “जास्त आवाज म्हणजे जास्त चांगलं” हा इथला सगळ्यात महागडा गैरसमज.

घड्याळ: इथेच माझे अठरा दिवस गेले

१५ सेकंदांचे कप्पे सगळ्या जगाने एकाच वेळी धरायचे असतात. तुमचं घड्याळ दोन-अडीच सेकंदांहून जास्त चुकलं, की पडद्यावर सिग्नलच्या रेघा स्वच्छ दिसतात पण वाचला एकही जात नाही.

माझ्याकडे काय झालं ते सांगतो. उन्हाळ्यात संध्याकाळी वीज जायची. परत आली की पाय आपोआप सुरू व्हायचा. मी वापरतो त्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. तो शेवटची जपून ठेवलेली वेळ धरून पुढे मोजायला लागतो, म्हणजे वीज जितका वेळ गेली निदान तितका मागे पडतो. इंटरनेट असेल तर लगेच दुरुस्त होतो. पण इंटरनेट यायला आणखी तास लागायचा. तेवढ्या वेळात एफटी८ चा एकही संदेश वाचला जात नव्हता. आणि मी त्या रिकाम्या जागेवर सूर्यास्ताचं शास्त्र लिहीत होतो!

पुरावा माझ्याच लॉगमध्ये होता. प्रत्येक संदेशापुढे ‘डीटी’ नावाचा आकडा असतो: सिग्नल अपेक्षित वेळेपेक्षा किती सेकंद पुढे-मागे आला. एखाद्याच स्टेशनचा डीटी बिघडला असेल तर घड्याळ त्याचं चुकलंय. सगळ्यांचाच एकसारखा बिघडला असेल तर तुमचं! दोन संध्याकाळी नशिबाने माझी चूक दोन सेकंदांच्या आत बसली होती, आणि त्या वेळचे सगळे डीटी उणे १.८ च्या आसपास होते. उणे म्हणजे सिग्नल ‘लवकर’ आले, म्हणजे माझं घड्याळ मागे. मी तो रकाना कधी पाहिलाच नव्हता.

वेबएसडीआरवर सराव करताना उलटं दिसेल. आवाज इंटरनेटवरून उशिरा पोचतो म्हणून सगळे डीटी अधिक असतील. हा प्रयोग एकदा करूनच बघा, डीटी आयुष्यभर लक्षात राहतो.

उपाय साधे आहेत. लिनक्सवर क्रोनी लावा. पायला बॅटरीवालं छोटं घड्याळ-मॉड्यूल जोडा. आणि घड्याळ जुळल्याशिवाय नोंद सुरूच होणार नाही अशी व्यवस्था करा. लॉग नेहमी यूटीसीमध्ये असतो, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे लॉगची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. ‘एका रात्रीचा’ डेटा काढताना हे विसरलात तर अर्धी रात्र भलत्याच दिवसात जाते.

गोंगाट, आणि अलिबागचा धडा

एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर, सगळे शॉर्टवेव्हवर खरखर करतात. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, घरातली एकेक वस्तू बंद करा आणि पडद्यावर काय नाहीसं होतं ते लिहून ठेवा.

हा त्रास जुनाच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी काम अलिबागला हलवलं. पण एका रात्रीत नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता यावी. अँटेना, साउंड कार्ड, सॉफ्टवेअरची आवृत्ती, यातलं काहीही बदलाल तेव्हा मूस आठवा. निदान काही दिवस जुनं आणि नवं शेजारी-शेजारी चालवा.

नाशिकला कापणारी रेघ

सॉफ्टवेअर तुमचा लोकेटर विचारतं. पृथ्वीचे दोन अंश रेखांश गुणिले एक अंश अक्षांश असे चौकोन केलेले असतात. आता गंमत बघा: २० अंश उत्तर अक्षांशाची रेघ नाशिक शहरातूनच जाते. म्हसरूळला राहणारा एमएल६० मध्ये, नाशिकरोड-देवळालीचा एमके६९ मध्ये!

चार अक्षरीच लोकेटर टाकला तर बहुतेक प्रोग्राम चौकोनाचा मध्य धरतात. म्हणजे म्हसरूळकर वलसाडजवळ आणि नाशिकरोडकर वज्रेश्वरीच्या आसपास जाऊन बसतो. एकाच शहरातले दोन मित्र कागदावर १११ किलोमीटर लांब. अंतर मोजणाऱ्या अभ्यासात ही चूक छोटी नाही. म्हणून सहा अक्षरी लोकेटर टाका.

शेवटची पायरी: कोणता आकडा कशाचा?

एफटी८ च्या संदेशात पाठवणाऱ्याची शक्ती नसते. सिग्नल क्षीण आला तो वाटेमुळे की समोरचा पाच वॅटवर होता म्हणून, कळत नाही. “वाट उघडी होती का?” या प्रश्नाला एफटी८ चालतं. “वाट किती चांगली होती?” यासाठी डब्ल्यूएसपीआर घ्या. त्यात कॉल साइन आणि लोकेटरसोबत शक्तीही असते, कप्पे दोन मिनिटांचे असतात. २० मीटरला १४.०९५६ मेगाहर्ट्‌झ. प्रश्न आधी ठरवा, पद्धत मग.

मी सारांश पाठवला नाही. त्याऐवजी एक वही घेतली. रोज सकाळी त्यात चार ओळी लिहितो: घड्याळाचा फरक, मीटरचा आकडा, वीज कधी गेली, काय बदललं. पाच मिनिटांचं काम. तुमची जुळणी पूर्ण झाली की पहिला आलेख काढायच्या आधी अशी वही सुरू करा. आणि आलेखात काही भन्नाट दिसलंच, तर आकाशाकडे बघण्यापूर्वी एकदा डीटीच्या रकान्याकडे बघा.