जुनी उंची मोटार घेण्यापूर्वीं

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या बाजूच्या शेतकऱ्यांच्या हातीं एकदम मोठी रक्कम येण्याचे प्रसंग वारंवार घडूं लागले आहेत. विरार, बोळिंज व आगाशी येथील कित्येक वाड्या इमारतींखालीं गेल्या. मुंबई-वडोदरा द्रुतगति मार्ग आणि मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे यांसाठीं पालघर जिल्ह्यांत भूमिसंपादन झालें. मोबदल्याच्या पैशाचा कांहीं भाग मोटारीकडे वळतो. नवी मर्सिडीज अगर बीएमडब्ल्यू आवांक्याबाहेर असते, परंतु सात-आठ वर्षें वापरलेली तीच गाडी साध्या नव्या गाडीच्या किंमतींत दारांत उभी राहूं शकते, आणि दलाल ती आणून दाखवितो. शेतकीच्या मासिकांत हा विषय कशाला, असें कोणी म्हणेल. पण जो गृहस्थ बाजारांत बैलाचे दांत पाहिल्यावांचून व त्यास चालवून घेतल्यावांचून इसार देत नाहीं, तोच मोटारीच्या रंगाची चकाकी पाहून लाखों रुपये मोजून देतो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र उतरत नाहीं. समजा, साठ लक्षांची गाडी बारा लक्षांस मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स व तिचे दिवे साठ लक्षांच्या गाडीचेच असतात. म्हणून खरेदीच्या किंमतीचा निदान पांचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठीं बाजूस काढून ठेवावा, असें आमचें मत आहे. तेवढा निघत नसेल तर लहान गाडी पाहावी.

आपल्या किनारपट्टींत सर्वांत मोठें भय पाण्याचें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईंत हजारों मोटारी बुडाल्या. जुलै २०१८ मध्यें वसई-विरारमध्यें आगगाड्या बंद पडण्याइतकें पाणी सांचलें होतें. बुडालेली गाडी धुवून, वाळवून, अत्तर शिंपडून विक्रीस येते. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांनीं अशीच एक गाडी दिवाळींत घेतली. आंतील चामडें नव्यासारखें, इंजिन मुकाट. पुढच्या मृगांत एके दिवशीं समोरच्या फळ्यावरील सर्व तांबडे दिवे एकदम लागले व गाडी जागची हलेना. मिस्त्रीनें पायाखालचा गालिचा उचलला तेव्हां खालीं वाळलेल्या गाळाचा थर निघाला. केळीच्या बागेचें दोन वर्षांचें उत्पन्न त्या एका दुरुस्तींत गेलें.

याचें कारण असें कीं पुष्कळ जर्मन गाड्यांत विद्युत्-नियंत्रणाच्या पेट्या पायाखालच्या गालिच्याखालीं किंवा डिकीच्या तळाशीं बसविलेल्या असतात. साध्या गाडींत पाणी शिरलें तर गालिचा वाळवून भागतें. येथें तारांचे सांधे आंतून हिरवे पडत जातात आणि रोग सहा महिन्यांनीं वर येतो. म्हणून पुढील परीक्षा चुकवूं नये. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर मळकट पाण्याची रेघ राहते, कारण तो सहसा कोणी पुरता ओढून धूत नाहीं. आसनाच्या खालचे बोल्ट गंजले आहेत काय, पुढच्या दिव्यांच्या कांचेआंत दंव धरलें आहे काय, डिकींतील जादा चाकाच्या खळग्यांत गाळ आहे काय, हें पाहावें. कांचा लावून दहा मिनिटें आंत बसावें. कुबट वास येतोच. गाडी पाण्यांतून चालवितांना इंजिनानें पाणी ओढलें असेल तर आंतील कनेक्टिंग रॉड वांकतात; तेंही कोणी आपण होऊन सांगत नाहीं. विम्याचे कागद मागावेत. विनादावा सवलत मध्येंच तुटलेली दिसली तर दावा कशाचा होता, हें विचारल्यावांचून पुढें जाऊं नये.

पाणी पुरानेंच येतें असें नाहीं. आपल्याकडे गाडी आंब्याफणसाखालीं उभी करण्याची चाल आहे. पुढील कांचेच्या खालच्या पन्हाळींत पालापाचोळा सांचतो, छताला खिडकी असल्यास तिच्या बारीक नळ्या तुंबतात, आणि पावसाचें पाणी बाहेर न जातां आंत उतरतें. शेताच्या पाटाची तोंडें साफ करणाऱ्यास हें अधिक सांगावयास नको.

खाऱ्या वाऱ्याचा परिणाम अर्नाळा-राजोडीच्या बाजूस राहणारे जाणतातच. गाडी उचलून धरून तळ, ब्रेकच्या नळ्या व चाकांचे आधार पाहावेत. मूळ पत्र्यावर जस्ताचा लेप असतो, पण अपघातानंतर ठोकून लांबी भरलेल्या जागीं तो राहत नाहीं. लांबी ओळखण्यासाठीं मिस्त्री लोहचुंबक लावतात. मात्र एक फसगत होते: कित्येक उंची गाड्यांचें बॉनेट ॲल्युमिनियमचें असतें व ऑडी ए८ सारख्या गाडीचें सर्व अंगच त्याचें असतें; तेथें चुंबक चिकटला नाहीं म्हणून गाडी ठोकलेली ठरत नाहीं. दारांमधील फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत कीं नाहीं, हेंच अशा वेळीं पाहावें.

मोठ्या मर्सिडीज, ऑडी क्यू७, रेंज रोव्हर अशा गाड्यांत पोलादी स्प्रिंगांऐवजीं हवेचे रबरी फुगे असतात. रबर जुनें झालें कीं त्यास चिरा पडतात, हवा झिरपते, ती भरून काढण्यासाठीं पंप सारखा चालतो आणि शेवटीं पंपही जळतो. याची परीक्षा सोपी आहे. संध्याकाळीं टायर व मडगार्ड यांमधील अंतर चारी चाकांशीं बोटांनीं मोजावें आणि सकाळीं गाडी सुरू करण्याआधीं पुन्हां मोजावें. एखादा कोपरा बसला असेल तर फुगा गेला. विकणारा रात्रभर गाडी तशीच ठेवूं देत नसेल, तर तेंही एक उत्तरच समजावें.

इंजिन थंड असतांनाच सुरू करवून घ्यावें. आपण पोंचतांच बॉनेट हातास ऊन लागलें तर दुसऱ्या दिवशीं यावें. बीएमडब्ल्यूच्या २००७ पासून आलेल्या एन४७ नांवाच्या दोन लिटर डिझेल इंजिनांत, म्हणजे त्या काळच्या ३२०डी व ५२०डी गाड्यांत, वेळेची साखळी इंजिनाच्या मागील अंगास, गिअरबॉक्सच्या बाजूस आहे. ती सैल पडल्यास मागून खरखर ऐकूं येते; आणि ती बदलण्यास एवढें उकलावें लागतें कीं मजुरीच भागापेक्षां भारी पडते. ऑडीच्या २००८ ते २०११ च्या सुमारच्या कांहीं दोन लिटर पेट्रोल इंजिनांस पिस्टनच्या कड्यांमुळें तेल खाण्याची खोड आहे. धूर निळा येतो. २००२ ते २००६ च्या ई-वर्गाच्या मर्सिडीजमध्यें विजेवर चालणारी ब्रेकची योजना होती. तिच्याकरितां २००४ व २००५ मध्यें लक्षावधि गाड्या जगभर परत बोलावण्यांत आल्या, आणि २००६ च्या सुधारणेंत कंपनीनें ती सोडून दिली. इतकी जुनी गाडी घेणाऱ्यानें ब्रेकसंबंधीं एकही सूचना फळ्यावर सहन करूं नये.

नव्या डिझेल गाड्यांत, विशेषतः १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत, धुरांतील काजळी धरणारी चाळणी असते. ती स्वच्छ होण्यास लांबची, सलग धांव लागते. विरार स्टेशन ते आगाशी एवढीच ये-जा असेल तर ती तुंबणार. अशा गृहस्थांनीं पेट्रोलची गाडी घेणें बरें.

गिअरबॉक्सचें तेल जन्मभर बदलावें लागत नाहीं, असें विकणारा सांगेल. त्यावर विश्वास ठेवूं नये. महामार्गावरील घोडबंदरच्या कोंडींत तासभर गाडी हळूहळू ढकलून पाहावी. तापल्यावर जो गिअर धक्का देतो तो थंडपणीं देत नाहीं. टायरच्या अंगावर शेवटीं चार आंकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मैल दाखविणारें यंत्र मागें फिरवितां येतें, पण झिजलेलें पायाचें रबर व गुळगुळीत झालेलें सुकाणूचें चामडें मागें फिरत नाहीं. शक्य तर कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीगृहांत दोन-पांच हजार खर्चून तपासणी करवावी. जुन्या सर्व नोंदीही तेथें निघतात.

आतां कागद. २०१५ मध्यें हरित लवादानें दिल्ली भागांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस मनाई केली व २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तिला पुष्टि दिली. तेव्हांपासून तिकडच्या उंची डिझेल गाड्या इतर प्रांतांत स्वस्तांत येऊं लागल्या. अशी गाडी येथें आणल्यास मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो, महाराष्ट्राचा कर पुन्हां भरावा लागतो आणि मगच एमएच ४८ क्रमांक मिळतो. तो सर्व खर्च किंमतींत मिळवून मग स्वस्ताई मोजावी. गाडीवर बँकेचें कर्ज असेल तर तें फिटल्याची नोंद नमुना ३५ वर झालेली पाहावी, नुसतें पत्र चालत नाहीं. पट्टीवरील चासी क्रमांक स्वतः वाचून नोंदणीपुस्तकाशीं ताडावा. नमुना २९ व ३० वर सही घेतल्यावांचून पूर्ण रक्कम देऊं नये. विकणाऱ्यानें, गाडी याच राज्यांतील असल्यास, १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांत हस्तांतर कळविलें पाहिजे; तोंपर्यंत जुन्या मालकाच्या नांवें आलेले दंड कोण भरणार, हें इसाराच्या कागदांतच लिहून घ्यावें.