वर्ल्ड कप सुरू असताना वाचाव्यात अशा क्रिकेटवरच्या 5 कादंबऱ्या

2023 चा वन-डे वर्ल्ड कप 46 दिवस चालला. त्यात भारताच्या मॅच होत्या 11. म्हणजे तब्बल 35 दिवस भारताची मॅच नव्हती. हे दिवस चाहत्यांनी हायलाइट्स पाहत, पॉइंट टेबलची गणितं मांडत आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद घालत काढले. अशा रिकाम्या दिवसांसाठी आणखी एक पर्याय आहे: क्रिकेटवरची कादंबरी.

पण खरी मॅच समोर असताना काल्पनिक क्रिकेट कशाला वाचायचं? याचं उत्तर टीम सिलेक्शनमध्ये आहे. वर्ल्ड कपच्या संघात 15 जण जातात, मैदानात उतरतात 11. जो निवडलाच गेला नाही, ज्याने मध्येच खेळ सोडला, ज्याच्या वडिलांनी सगळं पणाला लावलं, त्याचं पुढे काय झालं हे स्कोअरकार्ड सांगत नाही. कादंबरी सांगते.

1. सिलेक्शन डे (अरविंद अडिगा, 2016)

मुंबईत या विषयाची वेगळी ओळख करून द्यायला नको. 1988 मध्ये हॅरिस शील्डमध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची नाबाद भागीदारी केली. तेव्हापासून शालेय क्रिकेटकडे पाहणाऱ्या कितीतरी पालकांच्या डोळ्यांत तेच स्वप्न असतं.

अडिगांची कादंबरी या स्वप्नाची दुसरी बाजू दाखवते. चटणी विकणाऱ्या मोहन कुमारला आपल्या दोन्ही मुलांना क्रिकेटर करायचंय. मुलांच्या भविष्यातल्या कमाईत वाटा मिळावा म्हणून एक गुंतवणूकदार आत्ताच पैसे लावतो. धाकट्या मंजूनाथकडे गुणवत्ता भरपूर आहे, पण त्याला विज्ञान आवडतं. आपल्याला क्रिकेट खरंच हवंय का, हे त्याला कुणी विचारतच नाही.

2. चायनामन (शेहान करुणातिलक, 2010)

नावापासूनच सुरुवात करू. डावखुऱ्या बोलरने मनगटाने फिरवलेला आणि उजव्या हाताच्या बॅट्समनसाठी आत वळणारा चेंडू म्हणजे ‘चायनामन’. कुलदीप यादव याच प्रकारची बोलिंग करतो. वांशिक उल्लेखामुळे हा शब्द आता शक्यतो टाळला जातो.

श्रीलंकेतला एक निवृत्त, दारूच्या आहारी गेलेला क्रीडा पत्रकार प्रदीप मॅथ्यू नावाच्या स्पिनरचा शोध घेतो. त्याच्या मते मॅथ्यू देशाचा सर्वांत महान बोलर होता. मग तो रेकॉर्डमधून आणि लोकांच्या आठवणीतून नाहीसा कसा झाला? मॅथ्यूचे वडील तमिळ आहेत आणि देशात यादवी युद्ध सुरू आहे. त्यामुळे हा प्रश्न फक्त क्रिकेटचा राहत नाही. खरे खेळाडू आणि काल्पनिक किस्से लेखकाने असे मिसळलेत की मॅथ्यू खरंच होऊन गेला की काय, अशी शंका येते. करुणातिलक यांना पुढे 2022 मध्ये दुसऱ्या कादंबरीसाठी बुकर मिळालं.

3. नेदरलँड (जोसेफ ओनील, 2008)

9/11 नंतरचं न्यूयॉर्क. बायको मुलाला घेऊन लंडनला निघून गेल्यावर एकटा पडलेला डच बँकर हान्स क्रिकेटकडे वळतो. सोबत खेळणारे बहुतेक जण वेस्ट इंडिज आणि दक्षिण आशियातून आलेले स्थलांतरित. त्यातला त्रिनिदादचा चक रामकिसून न्यूयॉर्कमध्ये मोठं क्रिकेट स्टेडियम बांधायचं स्वप्न पाहतो.

2008 मध्ये ही कल्पना वेडेपणाची वाटत होती. 9 जून 2024 रोजी न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ काउंटीत टी-20 वर्ल्ड कपमध्ये भारत-पाकिस्तान मॅच झाली. पण ते स्टेडियम तात्पुरतं होतं. तिथल्या मॅच संपल्यावर ते काढून टाकलं गेलं.

याच स्पर्धेत अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं. सुपर ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर मूळचा मुंबईचा. भारताकडून अंडर-19 वर्ल्ड कप आणि मुंबईकडून रणजी खेळून तो शिक्षणासाठी अमेरिकेला गेला होता आणि पुढे तिथे सॉफ्टवेअर इंजिनिअर झाला. ओनील यांच्या कादंबरीतली माणसं अशीच आहेत. देश सोडला तरी क्रिकेट न सुटलेली.

4. स्वामी अँड फ्रेंड्स (आर. के. नारायण, 1935)

ही पूर्णपणे क्रिकेटची कादंबरी नाही. पण मित्रांनी टीम काढायची, तिला ‘एम.सी.सी.’ असं भारदस्त नाव द्यायचं आणि मग साहित्यासाठी धावाधाव करायची, हे सगळं तिच्यात आहे. महत्त्वाची मॅच तोंडावर आली असताना शाळेत असं काही घडतं की स्वामी घर सोडून पळतो. टीमला गरज असताना आपण तिथे नव्हतो, तर मित्र माफ करतील का? दहा वर्षांच्या मुलासाठी याहून मोठा प्रश्न नसतो. ‘मालगुडी डेज’ ही दूरदर्शनवरची मालिका पाहिलेल्यांना स्वामी आठवत असेलच.

5. द झोया फॅक्टर (अनुजा चौहान, 2008)

मॅच चालू असताना जागेवरून उठायचं नाही, विकेट पडेल! हा नियम पाळणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी ही हलकीफुलकी कादंबरी. भारताने 1983 चा वर्ल्ड कप जिंकला त्याच क्षणी जन्मलेली झोया जाहिरात क्षेत्रात काम करते. तिच्यासोबत नाश्ता केला की टीम जिंकते, असा समज पसरतो. कॅप्टन निखिल खोडाला मात्र हे पटत नाही. श्रेय नशिबाला दिलं, तर खेळाडूंच्या घामाची किंमत काय, हा त्याचा मुद्दा आहे. हसता हसता तो आपल्यालाही विचारात पाडतो.

कुठून सुरुवात करायची?

या पाचही कादंबऱ्या मूळ इंग्रजीत आहेत. इंग्रजी वाचायची फारशी सवय नसेल तर ‘स्वामी’पासून सुरुवात करा. भाषा साधी आहे आणि पुस्तकही छोटं आहे. निव्वळ मजा हवी असेल तर ‘झोया’. आकडेवारी आणि जुन्या मॅचचं वेड असेल तर ‘चायनामन’. घरात अकॅडमीत जाणारं मूल असेल तर ‘सिलेक्शन डे’ आधी पालकांनी वाचावी. ‘नेदरलँड’ संथ आहे, ती सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा.

पुढच्या वेळी संघ जाहीर झाल्यावर 15 नावांवर चर्चा होईलच. सोळावं नाव कुणाचं होतं आणि तो आज काय करत असेल, हा विचारही मनात आला, तर पुस्तक वाचल्याचं सार्थक झालं म्हणायचं.