बेळगावची सीतनी, सुरतेचा पोंक

वडील गेल्यावर आई धाकट्या भावाकडे सुरतेला राहायला गेली. बेळगावचा गारठा अंगवळणी पडलेला. तिकडे डिसेंबरातही तिचा स्वेटर पेटीतच राहिला. पण तिला खरे अडले ते बाजारात. बटाटा तिथेही बटाटाच, पण कांद्याची डुंगळी झालेली. घरात मराठी अन् शेजारणींशी कन्नड बोलणारी आई पार मुकी झाली. भाजी सूनच आणू लागली. लिंबायत-उधन्याकडे खानदेशी मंडळींची मोठी वस्ती, तिथे मराठी सर्रास कानावर पडते. भावाचे घर मात्र अडाजणला.

जानेवारीत मी गेले, तेव्हा तिला पोंक घ्यायला नेले. पोंक म्हणजे भाजलेली कोवळी ज्वारी, आपला हुरडाच. तिथे तो निवडून साफ केलेला, वजनावर मिळतो, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. (आपली शेंगाचटणीच बरी, असे माझे मत!) आईने चार दाणे तोंडात टाकले आणि एकदम म्हणाली, ‘‘अगं, ही तर सीतनी!’’

‘‘पोंक, बा,’’ विक्रेता हसला.

‘‘अडीचशे द्या.’’

‘‘अढीसो,’’ म्हणत त्याने तोलले. पैसेही तिनेच मोजून दिले.