जलगतीची ओळख, लेखांक सहावा : उतरत्या रेषेचा हिशेब

गेल्या लेखांकात आपण पाहिले की, वाहत्या पाण्याच्या अंगी असलेली ऊर्जा उंचीमुळे, दाबामुळे आणि वेगामुळे अशी तीन रूपांनी वावरते. आणि ही तिन्ही रूपे पाण्याच्या उभ्या स्तंभाच्या उंचीत, म्हणजे साध्या सेंटिमीटरांत, मांडता येत असल्यामुळे त्यांची बेरीज करणे अगदी सुलभ होते. या बेरजेला वर्गात सर्वजण ‘एकूण हेड’ म्हणतात. आपणही तोच शब्द चालवू. डॅनिएल बर्नुली याने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हायड्रोडायनॅमिका’ या ग्रंथात ज्या सिद्धांताचा पाया घातला, आणि पुढे लेओनार्ड ऑयलर याने ज्याला आजचे गणिती रूप दिले, तो सिद्धांत असे सांगतो की, घर्षणरहित व स्थिर अशा प्रवाहात ही बेरीज एकाच प्रवाहरेषेवर सर्वत्र सारखी राहते. प्रत्यक्षातील पाणी या विधानाशी कितपत इमान राखते, हे पाहावयाचे तर प्रयोगशाळेत जाणे प्राप्त आहे.

वऱ्हाडातील विद्यार्थ्याला त्यासाठी दूर जावे लागत नाही. अमरावतीस काठोरा नाक्याजवळ १९६४ साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बडनेऱ्यास, तसेच अकोल्याजवळ बाभूळगावास अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. आणि अकोल्यातच, १९६९ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात, शेतीला पाणी पोहोचविण्याचे शास्त्र शिकविणारी कृषी अभियांत्रिकीची शाखा आहे. द्रवयांत्रिकीच्या अभ्यासक्रमात बर्नुलीच्या सिद्धांताची पडताळणी हा प्रयोग बहुधा सुरुवातीसच येतो, आणि त्याचे उपकरणही सर्वत्र जवळजवळ एकाच घडणीचे असते.

दोन उभ्या टाक्यांच्या मध्ये पारदर्शक अॅक्रिलिकची एक आडवी नळी बसविलेली असते. तिचे पोट मध्यभागी हळूहळू आवळत जाते आणि पुन्हा हळूहळू मोकळे होते. नळीच्या पाठीवर ठरावीक अंतरांनी बारीक छिद्रे पाडून त्यांवर काचेच्या उभ्या नळ्या, म्हणजे पिझोमीटर, लावलेल्या असतात व त्यांच्यामागे मोजपट्टी असते. पंप सुरू करून पहिल्या टाकीतील पातळी स्थिर झाली की या नळ्यांतील पाणी आपापल्या उंचीवर थांबते, आणि नळी जेथे सर्वांत अरुंद तेथे ते सर्वांत खाली उतरलेले दिसते. प्रथम पाहणाऱ्यास हे विपरीत वाटते, कारण अडचणीच्या जागी दाब वाढावा अशी आपली सहज समजूत असते. परंतु अरुंद जागेतून तेवढेच पाणी जावयाचे तर त्याला वेग वाढवावा लागतो, आणि हा वाढीव वेग त्याने दाब खर्ची घालूनच मिळविलेला असतो.

आता आकडे घेऊ. समजा, बाहेर पडणारे पाणी ३० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर लांब अशा मापन-टाकीत सोडले आणि त्याची पातळी १० सेंटिमीटर चढण्यास ३० सेकंद लागले. म्हणजे १२,००० घनसेंटिमीटर पाणी ३० सेकंदांत आले. प्रवाह सेकंदास ४०० घनसेंटिमीटर ठरला. नळीचा छेद तोंडाशी ५ चौरस सेंटिमीटर असेल तर तेथील सरासरी वेग सेकंदास ८० सेंटिमीटर आणि वेगाचे हेड सुमारे ३.३ सेंटिमीटर होते; मध्यभागी छेद निम्मा, म्हणजे अडीच चौरस सेंटिमीटर, असेल तर वेग दुप्पट, परंतु वेगाचे हेड चौपट, म्हणजे सुमारे १३ सेंटिमीटर होते. समजा, पिझोमीटरवर तोंडाशी ३२.०, गळ्याशी २१.६ आणि नळीच्या शेवटी, जेथे छेद पुन्हा ५ चौरस सेंटिमीटर झाला आहे तेथे, २९.२ अशी नोंद मिळाली. नळी आडवी असल्याने उंचीचा भाग सर्वत्र समान आहे. तेव्हा दोन रकमांची बेरीज तोंडाशी ३५.३, गळ्याशी ३४.७ आणि शेवटी ३२.५ अशी येते.

येथेच विद्यार्थ्याची खरी परीक्षा होते. सिद्धांत म्हणतो बेरीज सारखी राहावी, आणि आलेखावर तर रेषा उतरत चालली आहे. अशा वेळी कित्येक जर्नलांत असा प्रकार नजरेस पडतो की, शेवटच्या पिझोमीटरची नोंद दोन-अडीच सेंटिमीटरांनी वर उचलली जाते, रेषा जवळपास आडवी होते, आणि खाली ‘सिद्धांत पडताळून पाहिला’ असे वाक्य नीटस अक्षरात लिहिले जाते. माझ्या मते या प्रयोगात याहून मोठे नुकसान दुसरे होऊ शकत नाही. जी रेषा उतरली तीच या प्रयोगाची कमाई आहे. आडवी रेषा तर पुस्तकात आधीच छापलेली होती.

नोंद घेताना चुका होतात, हे खरे. काचनळीत हवेचा बुडबुडा अडकला तर त्या नळीची उंची खोटी येते, म्हणून वाचनापूर्वी नळ्यांना टिचकी मारून बुडबुडे काढून टाकावे लागतात. पाण्याचा पृष्ठभाग काचेशी वक्र होतो, म्हणून डोळा त्याच्या तळाशी समपातळीत आणावा लागतो. पहिल्या टाकीची पातळी वर-खाली होत असेल तर त्या वाचनांना काहीच किंमत नाही. परंतु या चुका कधी या बाजूस तर कधी त्या बाजूस झुकतात. रेषेचा उतार मात्र प्रत्येक खेपेस प्रवाहाच्याच दिशेने होतो, आणि प्रवाह वाढविला की तोही वाढतो. ज्या तफावतीला अशी नियमित दिशा आहे ती चूक नव्हे. तिच्यामागे कारण आहे.

शिवाय उतार सर्वत्र सारखा नाही, हेही वरच्या आकड्यांत दिसते. तोंडापासून गळ्यापर्यंत केवळ ०.६ सेंटिमीटर गेले. गळ्यापासून शेवटापर्यंत २.२ सेंटिमीटर गेले. आवळत्या भागात पाणी अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जात असते, त्यामुळे ते नळीच्या भिंतीला बिलगून निमूटपणे जाते. मोकळ्या होत जाणाऱ्या भागात त्याला वाढत्या दाबाविरुद्ध पुढे सरकावयाचे असते. भिंतीलगतच्या थराचा वेग घर्षणाने आधीच मंदावलेला असल्यामुळे त्याला हा चढ झेपत नाही, तो भिंतीपासून सुटू पाहतो, आणि तेथे लहान-मोठे भोवरे निर्माण होऊन पुढे जाण्याची ऊर्जा त्या भोवऱ्यांच्या गिरकीत मुरते. पाण्यात शाईचा एक थेंब सोडला तर गळ्यापलीकडे तो कसा विस्कटतो ते सहज दिसते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रख्यात प्रयोगांत असाच रंगीत धागा वापरून शांत व संक्षुब्ध प्रवाहांतील भेद दाखविला होता. आपल्या नळीतील प्रवाह त्याच्या गणनेप्रमाणे निःसंशय संक्षुब्ध वर्गात मोडतो.

मग हे २.८ सेंटिमीटर गेले कोठे? बर्नुलीच्या काळी या प्रश्नाचे उत्तर देणे कोणालाच शक्य नव्हते, कारण उष्णता ही ऊर्जेचेच एक रूप आहे हे मायर, जूल आणि हेल्महोल्ट्स यांच्या कार्याने १८४० नंतरच्या दशकात, म्हणजे त्या ग्रंथानंतर शंभर वर्षांनी, प्रस्थापित झाले. पडत्या वजनांच्या साह्याने पाण्यात पाती फिरवून जूलने जे माप काढले, त्याचा आजचा अर्थ असा की, पाणी ४२७ मीटर खाली येऊन त्याची सर्व ऊर्जा त्यातच जिरली तर ते एक अंश सेल्सिअसने तापते. चिखलदऱ्याच्या पठारावरून दरीत तेवढे उतरणाऱ्या ओहोळालाही, वाऱ्याची व उन्हाची गोष्ट सोडली, तर एवढीच ऊब मिळेल. आपल्या नळीत हरवलेले २.८ सेंटिमीटर या प्रमाणात मांडले तर पाण्याचे तापमान एका अंशाच्या सुमारे पंधरा हजाराव्या भागाने वाढते. ज्या व्यापाऱ्याच्या खतावणीत एक खातेच उघडलेले नाही, त्याचा ताळेबंद जुळणार कसा? उष्णतेचे खाते पिझोमीटरजवळ नाही; आणि एवढी सूक्ष्म रक्कम वाचील असा थर्मामीटरही त्या प्रयोगशाळेत नसतो.

परंतु तेच पाणी पुनःपुन्हा फिरवले तर? काटेपूर्णेवरील महानच्या धरणाचे पाणी पिणाऱ्या अकोल्यात पाणी वाया घालविण्याची चैन कोणत्याही प्रयोगशाळेला परवडणारी नाही. उपकरणाच्या पायथ्याशी असलेल्या हौदातील पाणीच पंपाने वर चढते आणि खाली येते. ही काटकसर शास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण अशा बंद फेऱ्यात पंपाच्या दांड्याने पाण्याला दिलेली सर्व ऊर्जा अखेर हौदातच उष्णतेच्या रूपाने जमा होते. हौदात २०० लिटर पाणी असेल आणि पंप त्यास २५० वॅट देत असेल, तर तासाभरात ९ लाख ज्यूल जमा होतात व पाणी एका अंशाहून किंचित अधिक तापावयास हवे. हे सामान्य थर्मामीटरवरही दिसेल.

वऱ्हाडात मात्र एक अडचण आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील हवा इतकी कोरडी असते की उघड्या हौदाचे पाणी तापण्याऐवजी थंड होताना आढळले तर नवल नाही; ज्या कारणाने आपला कूलर चालतो त्याच कारणाने. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल खर्ची पडतात. म्हणजे तासाभरात ४०० मिलिलिटरहूनही कमी पाणी उडून गेले तरी पंपाची सगळी जमा पुसली जाते. म्हणून हा प्रयोग ऐन पावसाळ्यात करावा, हौद व टाक्या झाकाव्या, आणि पाणी खोलीच्या तापमानाचेच घ्यावे.

घरीही हे पाहता येते. कूलरचा वीस वॅटचा छोटा पंप थर्माकोलच्या झाकणबंद पेटीत दहा लिटर पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावा आणि त्याच्या तोंडाची नळी त्याच पाण्यात सोडावी. पंप वायर-जोडासह सुस्थितीत असावा, आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. पंप सर्वस्वी बुडालेला असल्यामुळे त्याच्या गुंडाळीतील ऊब व पाण्याच्या अंतर्गत घर्षणाची ऊब दोन्ही एकाच ठिकाणी येतात. तासाभरात पाणी सुमारे १.७ अंशाने तापावे. पेटीच्या भिंतींतून थोडी गळती होईल, तेवढी वजावट धरावी.

हा केवळ विद्वत्तेचा विषय नव्हे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी मचूळ, म्हणून अकोट-तेल्हाऱ्याकडील गावांना वान धरणाचे पाणी ८४ खेडी योजनेच्या नळांनी न्यावे लागते. अमरावतीला ते मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून येते. या मैलोगणती नळांत प्रत्येक वळणावर व प्रत्येक जोडावर तीच रेषा उतरत असते. तिचा उतार ज्याने विद्यार्थिदशेत पुसून आडवा केला, त्याने उद्या पंप बेताचा निवडला तर शेवटच्या गावाच्या तोटीला धार येणार नाही, आणि त्याची झळ डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईला लागेल. तेव्हा विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या गुरुजनांना माझी विनंती आहे की, जर्नलात जी नोंद मिळाली तीच लिहावी, एकूण हेडची रेषा जशी उतरली तशीच काढावी, आणि तिच्याखाली हरवलेल्या सेंटिमीटरांची उष्णता किती झाली हे एका ओळीत मांडावे. परीक्षकांनीही अशा उतरत्या रेषेला पूर्ण गुण द्यावेत. लांब नळातील घर्षणाचे गणित पुढील लेखांकात घेऊ.